सर्पगंधेची लागवड कोणी करावी?

हिमालयाच्या पायथ्याशी सालवृक्षांची जी दाट वने आहेत, त्यांच्या छायेत गुडघाभर उंचीचे एक झुडूप वाढते. त्याची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलाने येतात. ती वरून गडद हिरवी व तुकतुकीत आणि खालून फिकट असतात. फुले पांढरी, किंचित जांभळट झाक असलेली. त्यांचे देठ मात्र लाल. फळे लहान, पिकल्यावर काळसर जांभळी. रानातून जाणाऱ्याने मुद्दाम थांबून पाहावे असे या झुडपात वरकरणी काही नाही. त्याचे मोल आहे ते जमिनीखाली. बोटाएवढी जाड, वाकडीतिकडी, फिकट पिवळसर सालीची आणि चवीला अतिशय कडू अशी त्याची मुळी असते. या मुळीने विसाव्या शतकाच्या मध्यावर जगाच्या वैद्यकाला एक नवी दिशा दाखविली. आणि त्याच मुळीपायी हे झुडूप अनेक रानांतून दिसेनासे होत आले.

हे झुडूप म्हणजे सर्पगंधा. हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत, पूर्व व पश्चिम घाटांत, अंदमानात, त्याचप्रमाणे श्रीलंका, म्यानमार व जावा येथेही ते आढळते. मराठीत त्याला अडकई किंवा हरकई म्हणतात, हिंदी मुलखात छोटा चांद, तर केरळात अमलपोरी. शास्त्रीय नाव रौवोल्फिया सर्पेंटिना. त्यातील पहिला शब्द लिओनार्ड रौवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ आहे. गमतीची गोष्ट अशी की या गृहस्थांनी सर्पगंधा कधी पाहिली नाही, ते भारतातही आले नाहीत. पश्चिम आशियातील प्रवासात त्यांनी कॉफी पिणारे लोक पाहिले आणि त्यांचे वर्णन युरोपास कळविले, ही त्यांची खरी कीर्ती. त्यांच्यामागे शंभराहून अधिक वर्षांनी प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका वनस्पतिवंशाला त्यांचे नाव दिले आणि पुढे सर्पगंधेचा समावेश त्याच वंशात झाला.

प्राचीन वैद्यकग्रंथांत ‘सर्पगंधा’ हे नाव येते. ते याच झुडपाचे की दुसऱ्या कोणत्या, याविषयी विद्वानांत एकमत नाही. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात सर्पविषावर दिल्या जाणाऱ्या मुळ्यांचे वर्णन आहे, त्यांपैकी एक मुळी हीच असावी असे अभ्यासक मानतात. सर्पदंशावर या मुळीचा उपयोग होतो ही समजूत मात्र प्रयोगाच्या कसोटीस उतरलेली नाही. साप चावलेल्या माणसाला मुळी उगाळून देण्यात घालविलेला वेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्याला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयातच नेले पाहिजे. बिहारातील लोकांचा अनुभव अधिक खरा ठरला. तेथे या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत, आणि वेडाच्या भरात आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाला ती देऊन शांत झोपवीत.

या लोकानुभवाचे शास्त्रात रूपांतर भारतातच झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. हृदयाच्या एका आनुवंशिक विकाराचे निदान करण्यासाठी हे द्रव्य आजही वापरले जाते. त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी गुणकारी असल्याचा लेख प्रसिद्ध केला. पुढे रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी तिच्या परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. तरीही पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिकडे गेले नाही. ते गेले १९४९ मध्ये, मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडले तेव्हा. तीन वर्षांनी, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य प्रभावी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला त्यांनी ‘रेसर्पीन’ असे नाव दिले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाने गौरविण्यात आले.

रेसर्पीनचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. मज्जातंतूंच्या टोकांशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात आणि एका पेशीचा संदेश दुसरीकडे नेणारी द्रव्ये तेथे साठविलेली असतात. रेसर्पीन ही द्रव्ये पिशव्यांत शिरू देत नाही. बाहेर राहिलेल्या द्रव्यांचा नाश होतो आणि साठा हळूहळू रिता होतो. मग संदेश मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी सावकाश चालू लागते व रक्तदाब उतरतो. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास जनावरांना रेसर्पीन दिले, तेव्हा ती निश्चल होऊन पडली. त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचताच ती पुन्हा हिंडू-फिरू लागली. मेंदूतील डोपामीन या द्रव्याचे महत्त्व या मार्गाने उघड झाले, कंपवातावरील आजचा उपचार त्यातूनच निघाला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. उच्च रक्तदाबावर उपचार केल्याने पक्षाघात टळतात, हे अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६७ व १९७० मध्ये निर्विवाद सिद्ध केले. त्या चाचणीत वापरलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पीन हेच होते. एका रानटी मुळीने मानवजातीला दिलेले हे देणे थोडके नव्हे.

औषधाच्या दोषांविषयीही तितकेच स्पष्ट बोलले पाहिजे. जी द्रव्ये आटल्याने रक्तदाब उतरतो, तीच आटल्याने मनही खिन्न होते. मोठ्या मात्रेने काही रुग्णांना गाढ विषण्णतेने ग्रासले. नाक चोंदणे, आम्लपित्त बळावणे हे त्रास वेगळेच. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी या औषधाचा संबंध जोडणारे तीन अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासांनी त्या भीतीला फारसा दुजोरा दिला नाही, परंतु औषधाची पत गेली ती गेलीच. दरम्यान नवी व अधिक सोयीची औषधे निघाली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतून रेसर्पीन बहुतांशी नाहीसे झाले. मुळीची मागणी मात्र संपली नाही. आयुर्वेदीय व युनानी औषधांचे कारखाने तिचे चूर्ण व गोळ्या करतात आणि काष्ठौषधींच्या बाजारात तिला आजही गिऱ्हाईक आहे. वैद्याच्या देखरेखीवाचून ही मुळी कोणी घरी घेऊ नये, इतके येथे सांगून ठेवणे अवश्य आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. ज्या वनस्पतीची पाने, फुले किंवा फळे उपयोगी पडतात, ती वनस्पती देऊनही जिवंत राहते. जिची मुळी उपयोगी, तिचा बळी घ्यावा लागतो. मुळी गोळा करणारा माणूस झुडूप उपटतो तेव्हा बहुधा पावसाळा असतो, कारण त्या वेळी माती मऊ असते आणि पानांमुळे झुडूप ओळखू येते. परंतु त्याच वेळी फळे धरत असतात. पिकण्यापूर्वीच ती झुडपाबरोबर जातात आणि पुढच्या पिढीचे बीही नाहीसे होते. मुळीत औषधी द्रव्याचा भरणा सर्वांत चांगला असतो तो हिवाळ्यात. म्हणजे रानातील खणतीने वनस्पती तर मरतेच, शिवाय मालही कमअस्सल मिळतो.

१९५० नंतरच्या दशकात जगाने भारताकडे मुळीची मागणी केली तेव्हा हेच घडले. रानेच्या राने खणली गेली आणि अखेर निर्यातीवर बंधने घालावी लागली. युरोप-अमेरिकेतील कारखाने मग आफ्रिकेतील दुसऱ्या एका जातीकडे वळले. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पीनचे संपूर्ण कृत्रिम संश्लेषण केले. रसायनशास्त्राचा तो एक दिग्विजय होता. तरी जगाची गरज मुख्यतः मुळ्यांवरच भागत राहिली. १९९० मध्ये संकटग्रस्त जातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेची नोंद झाली. १९९८ मध्ये भारत सरकारने रानातून काढलेल्या ज्या २९ वनस्पतींची निर्यात बंद केली, त्यांतही ती आहे.

कायदे झाले, हे योग्यच झाले. परंतु कायद्याने मुळी रानात राहतेच असे नाही, कारण देशातील बाजाराला मुळी हवी आहे आणि ती पुरविणारा दुसरा कोणी नाही. कायद्याचा बडगा बहुधा बसतो तो साखळीतील सर्वांत दुबळ्या माणसावर, म्हणजे मुळी खणणाऱ्या वनवासी स्त्री-पुरुषांवर. त्यांच्याकडून माल घेणारा आढत्या आणि त्या आढत्याकडून घेणारा कारखानदार यांना मुळी कोठून आली असे विचारणारे कोणी नसते. ही व्यवस्था न्याय्य नाही, आणि परिणामकारक तर नाहीच नाही.

उपाय एकच आहे, तो म्हणजे लागवड. ती होऊ शकते यात शंका नाही. सर्पगंधेला उष्ण व दमट हवा, पाण्याचा निचरा होणारी भुसभुशीत व सेंद्रिय द्रव्याने युक्त जमीन आणि थोडी सावली मानवते. पाणी साचले की मुळी कुजते. फाट्यांपासून आणि मुळ्यांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात, परंतु बियांपासून केलेल्या रोपाला सरळ सोटमूळ येते आणि उत्पन्न अधिक निघते. खरी अडचण बियांचीच आहे. कठीण कवचाच्या आत पुष्कळदा गर्भच नसतो. वरून टपोरे दिसणारे बी आतून पोकळ निघते. म्हणून बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकतात व तळाशी बसलेले तेवढेच स्वच्छ धुऊन पेरतात. जुने बी फारसे उगवत नाही. त्याच हंगामातील ताजे बी हवे. उन्हाळ्याच्या अखेरीस गादीवाफ्यावर पेरणी करावयाची, पाऊस स्थिरावला की रोपे शेतात दोन ओळींत सुमारे ६० व दोन रोपांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवून लावावयाची. पहिल्या वर्षी तण वाढू द्यावयाचे नाही. उष्ण प्रदेशात सदाहरित असणारे हे झुडूप उत्तरेकडील थंडीत पाने गाळते. दीड ते तीन वर्षांनी अशाच एखाद्या हिवाळ्यात मुळ्या खोल खणून अखंड काढावयाच्या, धुवावयाच्या आणि वाळवावयाच्या. साल सोलली जाता कामा नये, कारण औषधी द्रव्याचा बहुतेक भाग सालीतच असतो.

इंदूरच्या कृषी महाविद्यालयात निवडलेला ‘आर. एस. १’ आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचा ‘सिम-शील’ हे वाण उपलब्ध आहेत. मुळ्या वाढत असताना ओळींच्या मधल्या जागेत पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात लसूण किंवा कांदा घेता येतो. केंद्र सरकारने २००० साली स्थापलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने सर्पगंधेला अग्रक्रमाच्या वनस्पतींत स्थान दिले व अनुदानाच्या योजनाही आखल्या. ज्ञान आहे, वाण आहे, योजना आहेत. मग शेतकरी सर्पगंधा का लावीत नाही?

याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही, हिशेबात आहे. शेतकऱ्याला बी विकत घ्यावे लागते, जमीन दीड ते तीन वर्षे अडकवावी लागते, खुरपणीची मजुरी द्यावी लागते आणि एवढे केल्यावर बाजारात त्याची गाठ पडते ती रानातून आलेल्या मुळीशी. तिच्या उत्पादनाचा खर्च खणणाऱ्याच्या एका दिवसाच्या श्रमाइतकाच! निसर्गाने ती मुळी पोसण्यात जी वर्षे घालविली, त्यांची किंमत कोणाच्याच वहीत मांडली जात नाही. फुकटच्या मालाशी स्पर्धा करून कोणताही शेतकरी टिकणार नाही, मग कृषिविस्तार अधिकाऱ्याने कितीही व्याख्याने द्यावीत.

काही वैद्य व व्यापारी असे म्हणतात की रानातील मुळीइतका गुण लावलेल्या मुळीला येत नाही. हा समज दूर होणे जरूर आहे. वाळलेल्या मुळीत अल्कलॉइडांचे प्रमाण सुमारे दीड ते तीन टक्के असते. ते वाणावर, झुडपाच्या वयावर आणि खणण्याच्या ऋतूवर अवलंबून राहते. या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हाती असतात, रानात खणणाऱ्याच्या हाती त्यांतील एकही नसते. बाजारातील रानमुळीत याच वंशातील अन्य जातींची, विशेषतः उष्ण अमेरिकेतून येऊन येथे स्थायिक झालेल्या ‘बडी चंद्रिका’ या जातीची भेसळ होते, हा दोष तर जुनाच आहे. शेतात लावलेल्या रोपाची जात पेरणीच्या दिवशीच ठाऊक असते. रक्तदाबाच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या औषधाबाबत ही खात्री क्षुल्लक म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की रेसर्पीनचा काळ सरला, तेव्हा या झुडपासाठी एवढा आटापिटा कशाला? ज्यांनी कार्लसन यांच्या जनावरांची हकीकत वाचली असेल, त्यांना हा आक्षेप पटणार नाही. १९३१ मध्ये सिद्दीकी मुळीतील अल्कलॉइडे काढीत होते, तेव्हा तिच्यातून मेंदूतील डोपामीनचे कोडे सुटेल असे कोणाला सुचले असते? या मुळीत डझनांनी अल्कलॉइडे आहेत आणि निरनिराळ्या वनांतील झुडपांत त्यांचे प्रमाण निरनिराळे असते. एखाद्या वनातून ती नष्ट झाली म्हणजे त्या वनातील विशिष्ट वाण कायमचा गेला. शेतातला एकच वाण कितीही वाढविला तरी ती हानी भरून येत नाही; म्हणून लागवड हवी ती रानातील झुडपांना विसावा मिळावा यासाठी.

सिंकोनाचे उदाहरण या संदर्भात आठवण्याजोगे आहे. अँडीज पर्वतातील सिंकोनाची झाडे सालीसाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा १८६० नंतरच्या दशकात नीलगिरी व दार्जिलिंग येथे सरकारी मळे उभे राहिले. परकीय सरकारने ते स्वतःच्या लष्कराच्या व साम्राज्याच्या गरजेतून केले हे खरे. पण १८९२ पासून बंगालमध्ये टपालकचेरीतून एका पैशाला क्विनिनची पुडी मिळू लागली, तीही त्या मळ्यांमुळेच. बाजारभावाची वाट पाहत बसले असते तर ते मळे कधीच झाले नसते. लावणाऱ्याला पहिली काही वर्षे कोणीतरी हात द्यावा लागतो.

हा हात प्रथम कारखानदारांनी दिला पाहिजे, कारण नफा त्यांचा आहे. सर्पगंधेचे औषध करणाऱ्या प्रत्येक कारखान्याने मुळी कोणत्या शेतातून किंवा कोणत्या वनातून आली याची नोंद ठेवावी आणि ती तपासणीस खुली असावी. लागवडीच्या वेळीच खरेदीचा करार करून काही रक्कम आगाऊ द्यावी, आणि भाव वजनावर न ठरता मुळीच्या परीक्षणावर ठरावा. सरकारी रुग्णालये व दवाखाने आयुर्वेदीय औषधे खरेदी करतात. त्यांनी लागवडीच्या मुळीची अट घातली तर बाजाराचे वळण बदलावयास फार काळ लागणार नाही. केवळ अनुदान देऊन हात झटकणे पुरेसे नाही. अनुदानाने रोप लागते, पण तिसऱ्या वर्षी मुळी घेणारा नसेल तर तोच शेतकरी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

लावणारा कोण असावा? सधन बागायतदाराला हे पीक नको असे नाही. आंब्याच्या किंवा अन्य फळबागेच्या विरळ सावलीत ते चांगले येते. तथापि पहिला मान वनालगतच्या गावांचा आहे. झुडपाची पारख त्यांनाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केला, पण वनात झुडूपच उरले नाही तर त्या हक्काचा उपयोग काय? गावाच्या पडीक जमिनीवर, वनखात्याच्या रोपवाटिकेतील रोपे घेऊन, ग्रामसभेच्या देखरेखीखाली ही लागवड होऊ शकते.

तीन वर्षे वाट पाहण्याची ऐपत या लोकांना नाही, ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावर उपाय बियांतच आहे. सर्पगंधेची फळे एकदम पिकत नाहीत. पावसाळ्यापासून शरदापर्यंत थोडी-थोडी पिकत जातात व पिकली की गळतात. दर दोन-चार दिवसांनी हाताने वेचली तरच बी मिळते, आणि रोपवाटिकांना ताज्या बियांचीच टंचाई असते. वनखात्याने रानातील काही झुडपे मातृवृक्ष म्हणून खुणा करून राखावीत आणि त्यांची फळे वेचण्याचे काम, बियांना वजनाप्रमाणे रोख भाव ठरवून, आजवर मुळी खणणाऱ्या कुटुंबांकडेच द्यावे. त्यांना पहिल्याच पावसाळ्यात पैसा मिळेल, आणि राखलेले झुडूप कोणी खणू नये याची काळजी तीच कुटुंबे घेतील.